कोशिंबिरीच्या भाज्यांवरची कीड: घरी पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी

काकडी, टोमॅटो, मुळा, कोथिंबीर, कांद्याची पात, कोबी आणि अलीकडे लेट्यूस. या भाज्या आपण कच्च्या खातो, आणि घरच्या असतील तर तोडल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत त्या ताटात असतात. वांग्या-भेंडीला निदान फोडणीत शिजावं तरी लागतं. कोशिंबिरीत पडणाऱ्या काकडीच्या वाट्याला तेही येत नाही. काल संध्याकाळी पानावर जे मारलं, ते आज दुपारी घरातल्या सगळ्यांच्या पोटात जाणार. म्हणून माझा एक नियम आहे: जे जेवणाच्या टेबलावर ठेवायला जीव धजावणार नाही, ते या कुंड्यांजवळही न्यायचं नाही. खालचे सगळे उपाय या नियमाला धरून आहेत.

महाराष्ट्रातल्या हवेत गच्ची, बाल्कनी किंवा परसात थोड्या कुंड्या, ग्रो बॅग किंवा एखादा वाफा लावणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. पायऱ्या क्रमानेच करा. पहिल्या पायऱ्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही, आणि घरच्या बागेतली बहुतेक कीड तिथेच आटोक्यात येते. फवारा हातात घ्यायची वेळ शेवटी येते, कधी कधी येतच नाही.

पायरी पहिली: लावतानाच काळजी घ्या

रोपवाटिकेतून आणलेलं टोमॅटोचं किंवा कोबीचं रोप थेट बाकीच्या कुंड्यांमध्ये नेऊन ठेवू नका. पांढरी माशी आणि मावा बहुतेक वेळा अशा रोपांवरूनच घरात शिरतात. रोप आठवडाभर बाजूला ठेवा, पानांची खालची बाजू बघा आणि मगच लावा. घेतानाच रोप हलकं हलवून पाहिलं आणि पांढरे ठिपके उडाले, तर ते रोप घेऊच नका, कितीही स्वस्त असलं तरी.

शेणखत पूर्ण कुजलेलं आणि चाळलेलं वापरा. अर्धकच्च्या शेणखतातून हुमणीसारख्या मुळं खाणाऱ्या अळ्या कुंडीत येतात. शिवाय कच्च्या खायच्या पालेभाजीला ताज्या शेणाचा संसर्ग व्हायलाच नको. माती भरताना बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड मिसळली तर जमिनीतल्या किडीला थोडा आळा बसतो आणि खतही मिळतं.

सगळ्यात जास्त नुकसान खताच्या हौसेमुळे होतं. भाजी हिरवीगार दिसावी म्हणून चमचाभर युरिया टाकला की पानं लुसलुशीत, रसाळ होतात, आणि मावा नेमका अशाच पानांवर येतो. नत्र जास्त झालेली कोथिंबीर आणि मावा ही जोडी ठरलेली आहे. घरच्या कुंडीला पंधरा दिवसांतून एकदा मूठभर गांडूळखत पुरतं.

कोथिंबीर आणि मेथी दाट पेरू नका. गर्दीत हवा खेळत नाही, आणि आत काय चाललंय ते दिसतही नाही. काकडीचा वेल जमिनीवर पसरू न देता दोरीवर किंवा जाळीवर चढवा. मुळा, कोबी, लेट्यूस ही थंडीची पिकं आहेत. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत ती जोमाने वाढतात आणि थोडी कीड पचवूनही जातात. एप्रिल-मेमध्ये हट्टाने लावलेलं लेट्यूस उन्हानेच बेजार असतं, तिथे कीड आली की संपलंच.

पायरी दुसरी: रोज पान उलटून बघा

नव्या माणसाने एकच सवय लावून घ्यायची असेल तर ही. सकाळी पाणी घालताना प्रत्येक झाडाची दोन-तीन पानं उलटून बघायची: एक शेंड्याजवळचं, एक मधलं, एक जमिनीलगतचं. मावा कोवळ्या शेंड्यावर असतो, पांढरी माशी पानांखाली अंडी घालते, नागअळी बऱ्याचदा खालच्या जुन्या पानांत सुरू होते. पाच मिनिटांत सगळ्या कुंड्या बघून होतात.

दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग जवळ ठेवा. भिंग नसेल तर एक पांढरा कागद पानाखाली धरा आणि पानावर बोटाने दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर पडलेले ठिपके जरा वेळ बघा. लांबट, पिवळसर, भराभर पळणारे असतील तर ते फुलकिडे. गोल, अगदी बारीक आणि संथ सरकणारे असतील आणि कागदावर चिरडल्यावर तांबूस डाग उठला, तर बहुधा लाल कोळी. कोळी म्हणजे कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात. हा फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे, कारण कीटकांवरची अनेक औषधं कोळ्यावर चालतच नाहीत.

अळी दिसत नसली तरी तिची विष्ठा दिसते. पानावर काळपट-हिरवे बारीक दाणे पडलेले असतील तर त्यांच्या वर कुठेतरी अळी बसलेली आहे. तिथून वर शोधत जा. दिवसा अजिबात सापडत नसेल तर रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन बघा. रोपं जमिनीलगत कुरतडणाऱ्या अळ्या आणि गोगलगायी रात्रीच बाहेर पडतात.

पायरी तिसरी: कोण आहे ते ओळखा

एकदम सगळ्या किडींची नावं पाठ करायची गरज नाही. आधी एवढंच ठरवा की ती रस शोषते आहे की पान खाते आहे. पान आकसलं, वळलं, पिवळं पडलं, चिकट झालं, पण भोक नाही, तर रस शोषणारी. भोकं, कातरलेल्या कडा, पोखरलेलं फळ, तर कुरतडणारी. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. साबणाच्या पाण्याने मोठी अळी मरत नाही, आणि अळ्यांचं जैविक औषध माव्याला लागू पडत नाही.

मावा सगळ्यांना भेटतो. हिरवा, पिवळा किंवा काळा, शेंड्यावर गर्दी करून बसलेला. ढगाळ थंड हवेत, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत त्याचा जोर असतो. आपल्याकडच्या हवेत माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात, आणि ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्लं घालू लागतात. सोमवारी एका शेंड्यावर दिसलेला मावा पुढच्या सोमवारी सगळ्या कुंडीवर असतो तो यामुळे. तो अंगातून गोड चिकट पाणी सोडतो. त्यावर मुंग्या येतात, आणि पुढे त्याच चिकट थरावर काळी बुरशी चढते. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर मुंग्यांना दोष देण्याआधी शेंडा बघा. पण मुंग्यांनाही अडवावं लागतं, कारण त्या माव्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. कुंडी विटेवर ठेवून ती वीट पाण्याच्या ताटलीत ठेवली की मुंग्यांची वाट बंद होते. ताटलीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर त्यात डास होतील.

पांढरी माशी टोमॅटोची खरी वैरीण. रस शोषते ते वेगळंच, पण ती पर्णगुच्छाचा विषाणू पसरवते, ज्याला आपल्याकडे बोकड्या म्हणतात. पानं वरच्या बाजूला वळतात, बारीक होतात, झाड खुरटतं आणि फळ धरणं थांबतं. विषाणू एकदा झाडात गेला की त्यावर औषध नाही. असं झाड ओळखू आलं की मुळासकट उपटून पिशवीत बंद करून टाका. हळहळत आठवडाभर ठेवलं तर शेजारची झाडंही जातील.

उन्हाळ्यात, विशेषतः मार्चपासून कोरड्या गरम हवेत, फुलकिडे आणि लाल कोळी वाढतात. कांद्याच्या पातीवर चंदेरी पांढरट ओरखडे दिसले तर पातीच्या बेचक्यात फुलकिडे आहेत. काकडीच्या पानावर बारीक पिवळे ठिपके आणि खाली तलम जाळं दिसलं तर कोळी.

पानावर पांढरी वेडीवाकडी रेघ म्हणजे नागअळी. ती पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधून खात जाते, म्हणून वरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. रेघेच्या रुंद टोकाला अळी असते. पान उजेडाकडे धरा, ती दिसते, तिथेच बोटाने दाबा. पान फार खराब असेल तर तोडून टाका. मोठ्या झाडाला चार-दोन रेघांनी काही होत नाही.

भाजीगणिक थोडं जवळून

*काकडी.* बी उगवून पहिली दोन दळं उघडली की नारिंगी-तांबडे भुंगेरे येतात आणि ती दळं चाळणी करून टाकतात. हा काळ पहिल्या दोन-तीन आठवड्यांचा. वेल मोठा झाला की तो त्यांना पुरून उरतो. पहाटे हे भुंगेरे थंडीने सुस्त असतात, उडत नाहीत. त्या वेळी साबणाच्या पाण्याचं भांडं खाली धरून त्यांना त्यात झाडायचं. रोपांवर पहिले तीन आठवडे जाळी असेल तर तेवढंही करावं लागत नाही. लाकडाची चाळलेली राख पानांवर धुरळतात, तिचाही उपयोग होतो, पण पाऊस पडला की पुन्हा टाकावी लागते. कोळशाची राख नको.

फळ धरू लागलं की फळमाशी येते, आणि ती काकडीचं खरं संकट आहे. कोवळ्या फळाच्या सालीला टोचून ती आत अंडी घालते. बाहेरून एक टोचल्याची बारीक खूण आणि त्यावर डिंकाचा थेंब दिसतो, पुढे फळ तिथून वाकडं होतं, पिवळं पडतं आणि आत अळ्या वळवळतात. फळात शिरलेल्या अळीपर्यंत आपण काहीही पोचवू शकत नाही, आणि पोचवलं तर ते फळ खाता येत नाही. म्हणून अंडं घालायच्या आधीच अडवायचं. फूल वाळून गळालं आणि बोटाएवढी काकडी दिसू लागली की तिला कागदाची किंवा जाळीच्या कापडाची पिशवी बांधा. सोबत कामगंध सापळा, म्हणजे वासाने नर माश्यांना ओढून पकडणारा सापळा, लावा. घेताना नीट विचारा: काकडीवर्गातल्या फळमाशीसाठी क्यू ल्यूर लागतो. आंब्याच्या फळमाशीचा मिथाईल युजेनॉलचा सापळा इथे उपयोगाचा नाही, आणि दुकानात दोन्ही एकाच कपाटात असतात. एका गच्चीला एक सापळा पुरतो. टोचलेली फळं कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका. अळ्या फळातून निघून मातीत कोष करतात आणि पुढची पिढी तिथूनच उठते. अशी फळं काळ्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, मग टाका.

*टोमॅटो.* पांढऱ्या माशीनंतर फळ पोखरणारी अळी. गोल भोक, अर्धी अळी आत आणि अर्धी बाहेर. ती एका फळावर थांबत नाही, दोन-चार फळं नासवते, म्हणून ज्या दिवशी दिसेल त्याच दिवशी वेचा. टोमॅटोच्या कुंड्यांमध्ये झेंडू लावायची पद्धत यासाठीच आहे. या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालायला जातो. पण मग झेंडूही तपासावा लागतो, हे बहुतेक जण विसरतात. पानांवर मोठे पांढरट चट्टे आणि फळावर टाचणीएवढी बारीक छिद्रं दिसली तर ती टुटा ॲब्सोल्युटा नावाची दक्षिण अमेरिकेतून आलेली अळी असू शकते. भारतात तिची नोंद 2014 मध्ये महाराष्ट्रात झाली. चट्टे पडलेली पानं लगेच तोडून पिशवीत बंद करणं हा घरच्या बागेत सगळ्यात खात्रीचा उपाय.

*कोबी आणि मुळा.* कोबीवर चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी येते. लहान, फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती. पानाचा हिरवा भाग खाते आणि वरचा पारदर्शक पापुद्रा तेवढा ठेवते. बोट लावलं की तडफडत मागे सरते आणि धाग्याला लोंबकळते, यावरून ती हमखास ओळखू येते. ही कीड औषधांना फार लवकर सरावते. जगभरात तिने एकामागून एक कीटकनाशकं निकामी केली आहेत, त्यामुळे घरी जास्त जहाल औषध शोधत बसण्यात अर्थच नाही. शेतकरी कोबीच्या कडेने मोहरी लावतात. पतंग मोहरीवर जास्त अंडी घालतात. तुम्हीही कोबी लावायच्या पंधरा दिवस आधी दोन कुंड्यांत मोहरी पेरा आणि तिच्यावरच्या अळ्या वेचत राहा. मुळ्याच्या पानांवर काळपट, सुरकुतलेली अळी दिसेल. हात लावताच ती वेटोळं करून खाली पडते. खाली कागद धरून पान झटकलं की काम झालं.

*कोथिंबीर, पुदिना, लेट्यूस.* कोथिंबिरीला मावा, पुदिन्याला पानं खाणाऱ्या अळ्या, लेट्यूसला मावा आणि पावसाळी हवेत गोगलगायी. कोथिंबिरीवर काहीही फवारू नये असं माझं ठाम मत आहे. चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं पीक, पान बारीक आणि दाट, त्यावरचं काहीही नीट धुतलं जात नाही. मावा दिसला तर कापून घ्या, धुऊन वापरा, नवी कुंडी पेरा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात गोगलगायींचा उच्छाद असतो. रात्री कुंड्यांजवळ ओलं गोणपाट किंवा कोबीची जुनी पानं ठेवा, सकाळी त्याखाली त्या जमलेल्या सापडतात. हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ कुंडीत टाकू नका, माती आणि झाड दोन्ही जातील. गोगलगायींमधून माणसाच्या मेंदूला सूज आणणारा जंत येऊ शकतो, म्हणून त्यांची चिकट वाट उमटलेलं पान कच्चं खाऊ नका.

पायरी चौथी: आपल्या बाजूचे किडे मारू नका

नव्या बागायतदाराच्या हातून हमखास मारला जाणारा किडा म्हणजे ढालकिड्याची पिल्लं. मोठा ढालकिडा, लाल पाठीवर काळे ठिपके असलेला, सगळे ओळखतात. त्याचं पिल्लू मात्र लांबट, करडं-काळं, अंगावर नारिंगी डाग आणि काटेरी उंचवटे असलेलं असतं, आणि ते माव्याच्या घोळक्यात फिरताना दिसलं की हीच कीड असं वाटून चिरडलं जातं. एकदा भिंग लावून त्याच्याकडे बघा. ते मावा जबड्यात धरतं, चोखून कातडं टाकतं आणि पुढच्याकडे वळतं. ते असेल त्या शेंड्याला हात लावू नका.

पानाखाली केसाएवढ्या बारीक देठांवर उभी असलेली पांढरी अंडी दिसली तर ती क्रायसोपा नावाच्या जाळीदार पंखांच्या मित्रकिड्याची, त्याची अळीही माव्यावरच जगते. माव्यात काही जण फुगलेले, सोनेरी-तपकिरी आणि स्थिर दिसतात. त्यांच्या पोटात एका बारीक गांधीलमाशीची अळी वाढते आहे. काही दिवसांत पाठीवर गोल भोक पडून ती माशी बाहेर येते आणि पुढच्या माव्याला शोधते. असे फुगलेले मावे पुष्कळ दिसू लागले तर फवारा बाजूला ठेवा आणि आठवडाभर थांबा.

या मंडळींना बोलवायचं असेल तर शेपू, बडीशेप आणि कोथिंबिरीची एक-दोन झाडं फुलावर जाऊ द्या. छोट्या फुलांतला मध त्यांना लागतो. कोळी दिसला म्हणून घाबरू नका हेही सांगते: जाळं विणणारा मोठा कोळी बागेचा राखणदारच आहे. वर सांगितलेला लाल कोळी वेगळा.

पायरी पाचवी: हात, पाणी, कात्री, जाळी

फवारणीच्या आधी हे चार उपाय. अळ्या आणि अंड्यांचे पुंजके हाताने वेचा, किळस वाटत असेल तर चिमटा घ्या. माव्याने भरलेला शेंडा कात्रीने कापून साबणाच्या पाण्यात टाका. बाकीच्या माव्यावर सकाळी पाइपाने किंवा स्प्रे बाटलीने जोरात पाणी मारा, पानाच्या खालूनही. खाली पडलेल्या माव्याला परत वर चढणं फारसं जमत नाही. लगातार तीन-चार दिवस केलं की फरक स्पष्ट दिसतो. उन्हाळ्यात कोळ्यावरही पाण्याचा फवारा चालतो, कारण त्याला कोरडेपणा हवा असतो. सकाळीच करा, म्हणजे दुपारपर्यंत पानं सुकतात. रात्रभर ओली राहिलेली पानं बुरशीला आमंत्रण देतात.

पालेभाज्या, मुळा आणि कोबीसाठी जाळी हा माझ्या मते सगळ्यात चांगला खर्च आहे. तारेच्या किंवा पीव्हीसी पाइपच्या कमानी करून त्यावर कीटकरोधक जाळी टाका आणि कडा विटांनी दाबा. पांढऱ्या माशीसाठी चाळीस-पन्नास मेशची, म्हणजे एका इंचात चाळीस-पन्नास छिद्रं असलेली, जाळी लागते. नुसते पतंग अडवायचे असतील तर जुनी मच्छरदाणीसुद्धा चालते. जाळी कीड यायच्या आधी लावायची. नंतर लावली तर कीड आत सुरक्षित राहते. काकडीला फुलं आली की मात्र जाळी काढावीच लागते, नाहीतर मधमाश्या येणार नाहीत आणि फळ धरणार नाही. टोमॅटोला मधमाशीची तेवढी गरज नसते, फुलांचा घोस हलकेच हलवला तरी पुरतं.

चिकट सापळे पांढऱ्या माशीसाठी आणि पंख असलेल्या माव्यासाठी पिवळे, फुलकिड्यांसाठी निळे. झाडाच्या शेंड्यापेक्षा वितभर वर टांगा. जाड पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासूनही घरी होतात. गच्चीला दोन-तीन बस झाले, फार लावले तर मित्रकिडेही चिकटतात. सापळ्याने कीड संपत नाही, पण कधी आली आणि वाढतेय का, हे त्यावरून कळतं.

पायरी सहावी: फवारणी करायचीच झाली तर

वेळ संध्याकाळची, ऊन कलल्यावर. सकाळी काकडीच्या फुलांवर मधमाश्या असतात, आणि दुपारच्या उन्हात फवारलेली पानं करपतात. कोणतंही मिश्रण आधी एका पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघा. औषध पानाच्या खालच्या बाजूला पोचलं पाहिजे, म्हणून फवाऱ्याचं तोंड वर करून मारा.

साबणाचं पाणी: एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा, म्हणजे साधारण पाच मिली, सौम्य द्रव साबण. भांड्यांचा किंवा कपड्यांचा कडक डिटर्जंट नको, पानं जळतात. हे अंगावर पडलं तरच मावा, पांढऱ्या माशीची पिल्लं आणि कोळी मरतात, सुकल्यावर त्याचा काहीही असर राहत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाची साय धरते, तिथे पावसाचं किंवा गाळलेलं पाणी घ्या. सकाळी झाड साध्या पाण्याने धुऊन काढा. चार-पाच दिवसांनी पुन्हा, असं दोन-तीनदा.

कडुनिंबाचं तेल: एक लिटर कोमट पाण्यात आधी थोडा साबण मिसळा, मग तीन ते पाच मिली तेल घालून दुधाळ होईपर्यंत हलवा. साबणाशिवाय तेल वर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात एकाच झाडावर सगळं पडतं.

निंबोळी अर्क: सुकलेल्या पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून, फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडकं पिळून काढा, पाणी गाळा, किंचित साबण घाला आणि त्याच संध्याकाळी फवारा. हा पाच टक्के अर्क झाला. आपल्याकडे जून-जुलैच्या सुमाराला निंबोळ्या पिकून झाडाखाली सडा पडतो. तेव्हा वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवल्या की थंडीच्या हंगामाला उपयोगी पडतात. कडुनिंबाने कीड तडकाफडकी मरत नाही. तिचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं, पुढची पिढी खुंटते. दुसऱ्या दिवशी मावा जिवंत दिसला म्हणून मात्रा दुप्पट करू नका. उन्हात त्याचा अंश लवकर मोडतो, तरी तोडणीच्या आधी आठवडाभर फवारणी थांबवा, नाहीतर लेट्यूस कडू लागेल.

अळ्यांसाठी बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. अळीने फवारलेलं पान खाल्लं पाहिजे, मग ती खाणं थांबवते आणि दोन-तीन दिवसांत मरते. लहान अळ्यांवर छान चालतो, मोठ्या झालेल्या वेचाव्याच लागतात. मधमाशीला आणि माणसाला त्याचा त्रास नाही. मावा आणि पांढऱ्या माशीसाठी बिव्हेरिया किंवा लेकॅनी या बुरश्या मिळतात. त्यांना दमट हवा लागते, म्हणून पावसाळ्याच्या शेवटी त्यांचा गुण चांगला येतो, मे महिन्याच्या कोरड्या उन्हात येत नाही. कृषी सेवा केंद्रात या पुड्या मिळतात. तारीख बघून घ्या, कारण आत जिवंत जीव आहे, आणि मात्रा पुडीवर लिहिल्याप्रमाणेच.

कीड ओळखू येत नसेल तर एक खराब पान किडीसकट पारदर्शक पिशवीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांत कीटकशास्त्र विभाग आहेत, तिथेही विचारता येतं.

हे करू नका

तंबाखूचं पाणी नको. निकोटिन हे विष आहे, ते नैसर्गिक असलं तरी, आणि तंबाखूतून टोमॅटोला मोझॅक विषाणूची लागणही होऊ शकते. दशपर्णी अर्क, म्हणजे दहा वनस्पतींचा पाला कुजवून केलेलं द्रावण, शेतात अनेक पिकांवर वापरतात, पण त्याच्या बऱ्याच कृतींत कण्हेर असते आणि कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. तो कच्च्या खायच्या पानांवर मला मान्य नाही. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, घरात मुलं असताना ती कुटत बसू नये. शेण-गोमूत्राची द्रावणं आणि जीवामृत मातीला द्या, पानांवर फवारू नका.

मुंग्यांचा खडू, डासांचा स्प्रे, झुरळांचं औषध या भाज्यांच्या आसपासही नको. आणि शेतीचं रासायनिक कीटकनाशक, कोणी ओळखीच्याने बाटलीत थोडं ओतून दिलं तरी घेऊ नका. मूळ डब्यावर विषाच्या तीव्रतेचा त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. कोणत्या पिकावर चालतं आणि फवारणीनंतर किती दिवस भाजी तोडायची नाही, हेही त्यावरच लिहिलेलं असतं. पाण्याच्या जुन्या बाटलीत आलेल्या औषधाला ना त्रिकोण ना सूचना, आणि अशी बाटली घरात कोणीतरी पाणी समजून तोंडाला लावू शकतं.

पायरी सातवी: तोडणी आणि धुणं

भाजी तोडल्यावर आधी गच्चीवरच झटका. पालेभाजी सुटी करून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, लपलेला मावा आणि बारीक अळ्या सुटून येतात. मग वाहत्या पाण्याखाली पान पान करून धुवा, लेट्यूसच्या आणि कोबीच्या देठाकडची खाच विशेष बघून. कांद्याची पात उभी चिरून आतून धुवा. कोबीची बाहेरची दोन-तीन पानं काढून टाका. फवारलेली भाजी असेल तर धुण्याचं पाणी दोनदा बदला. चार भोकं पडलेलं पान टाकून द्यायची गरज नाही, अळी आणि तिची विष्ठा निघाली की ते बिनधास्त चिरा. भाजी बुडवलेलं मिठाचं पाणी मात्र कुंडीत ओतू नका.